‘प्रवण’ कोण आणि जखम कोणाला? धोक्याच्या एका शब्दाची उकल

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या तहसील कचेऱ्यांतून गावांच्या याद्या निघू लागतात. कोणती गावे दरडप्रवण, कोणती पूरप्रवण, कोणत्या वाडीने कोणत्या शाळेत हलायचे, याची कागदपत्रे तयार होतात, तलाठी आणि पोलीस पाटील घरोघरी नोटिसा पोहोचवतात, आणि वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर काही दिवस ‘प्रवण’ या शब्दाची चलती असते. मुंबई-गोवा महामार्गावरून गावी येणाऱ्या चाकरमान्याला तर हा शब्द बारा महिने भेटतो, कारण ‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’ अशा पाट्या वळणावळणावर लावलेल्या असतात. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा नेमका अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. ‘धोक्याची जागा’ एवढे समजले की काम भागते.

या याद्यांमागचे आपत्ती व्यवस्थापनाचे शास्त्र आपल्याकडे इंग्रजीतून आले, आणि त्या शास्त्रात इथे दोन वेगळे शब्द वापरले जातात. एक ‘प्रोन’ आणि दुसरा ‘व्हल्नरेबल’. मराठीत मात्र बहुतेक वेळा दोहोंसाठी ‘प्रवण’ लिहून मोकळे होतात, किंवा दुसऱ्यासाठी ‘असुरक्षित’, ‘संवेदनशील’, ‘भेद्य’ यांपैकी जो आठवेल तो शब्द घालतात. हे दोन शब्द एकाच गोष्टीची दोन नावे असती, तर त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. परंतु पहिला शब्द धोका कोठे संभवतो ते सांगतो, आणि दुसरा तो आल्यावर कोणाला किती लागेल ते सांगतो. कोकणात गेल्या वीस वर्षांत जे घडले ते नीट समजून घ्यायचे, तर हा फरक ध्यानात असावा लागतो. आणि तो पटकन ध्यानात येण्यासाठी दोन्ही शब्दांची कुळकथा पाहणे सोयीचे आहे.

‘व्हल्नरेबल’ हा शब्द लॅटिनमधला. ‘वुल्नुस’ म्हणजे जखम, ‘वुल्नेरारे’ म्हणजे जखमी करणे, आणि त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘वुल्नेराबिलिस’ हे विशेषण तयार झाले. इंग्रजीत ते 17व्या शतकाच्या सुरुवातीस रुळले. त्याचा पहिला अर्थ पूर्णपणे शरीराचा आहे: ज्याला घाव बसू शकतो असा. यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक म्हणजे हे विशेषण घाव घालणाऱ्याचे नाही, घाव झेलणाऱ्याचे आहे. काही काळ इंग्रजीत याच शब्दाला ‘जखम करू शकणारा’ असा उलटा अर्थही होता, पण तो टिकला नाही. दुसरी गोष्ट अशी की घाव अजून बसलेला नाही. तो बसू शकतो, एवढेच शब्द सांगतो. म्हणजे तो भविष्याविषयीचा आणि शक्यतेविषयीचा शब्द आहे. पुढे तो तलवारीकडून तटबंदीकडे गेला, तटबंदीकडून सैन्याच्या उघड्या बाजूकडे, आणि 20व्या शतकात रोगराई, दारिद्र्य, संगणकप्रणालीतल्या त्रुटी आणि माणसाचे मन अशा सगळ्याच ठिकाणी पसरला. हल्ली तरुण मुले मराठी बोलता बोलता ‘मला व्हल्नरेबल वाटतंय’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना आपण उघडे पडलो आहोत, आता कोणी एखादा शब्द बोलला तरी लागेल, असे सांगायचे असते. मूळ अर्थापासून हे फार दूर नाही.

जाता जाता एक गंमत. ब्रिज हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांना हा शब्द वेगळ्याच कारणाने ठाऊक असतो. 1925 साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकी गृहस्थांनी एका जलप्रवासात या खेळाचे नवे नियम बसवले, आणि एक डाव जिंकलेल्या जोडीला पुढे जास्त दंड बसण्याची जी अवस्था येते तिला ‘व्हल्नरेबल’ म्हणावे, अशी सूचना बोटीवरच्या एका तरुणीने केली, असे सांगतात. तिथे हा शब्द जिंकणाऱ्याच्या वाट्याला येतो. खेळाबाहेर असे क्वचितच घडते.

आता आपल्याकडे पाहू. संस्कृतात याच्या जवळ जाणारे शब्द भरपूर आहेत. ‘भिद्’ म्हणजे फोडणे, त्यावरून भेद्य. ‘व्यध्’ म्हणजे विंधणे, त्यावरून वेध्य. आणि शरीराच्या ज्या जागी घाव बसला असता माणूस मरतो ते ‘मर्म’. सुश्रुतसंहितेत अशी 107 मर्मे सांगितली आहेत. मराठी बोलीत ‘मर्म’ आहेच, पण त्याहून घरगुती शब्द ‘वर्म’. वर्मावर बोट ठेवणे, वर्मी घाव बसणे, दुसऱ्याची वर्मे काढणे, हे वाक्प्रचार आजही सहज तोंडी येतात. हे ‘वर्म’ मर्माचेच बदललेले रूप मानले जाते. पण संस्कृतात ‘वर्मन्’ असा एक स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा अर्थ चिलखत. म्हणजे एकाच उच्चाराचा शब्द एका भाषेत अंगावरचे कवच होतो आणि दुसऱ्या भाषेत कवच नसलेली नेमकी जागा होतो. भाषेत असे योगायोग घडत असतात, आणि त्यांतून मोठे सिद्धान्त काढण्याची घाई करू नये हे खरे. तरीही मनात राहील असा हा योगायोग आहे.

‘भेद्य’चे मात्र मराठीत काही जमले नाही. आपण ‘अभेद्य’ म्हणतो, ‘भेद्य’ म्हणत नाही. जलदुर्ग अभेद्य असतो, कवच अभेद्य असते. पण ‘आमचे घर भेद्य आहे’ असे कोणी म्हणणार नाही. आणि ज्याला अभेद्य म्हणतो तेही कोणापुढे अभेद्य, हे सांगायचे राहूनच जाते. विजयदुर्ग हा याचा उत्तम दाखला आहे. वाघोटण खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाणी, तिहेरी तट, समुद्राकडून येणाऱ्या जहाजांना दबकून राहावे लागे असा हा किल्ला. 1756 च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनच्या इंग्रजी आरमाराने त्यावर समुद्राकडून मारा केला आणि क्लाइव्हच्या हाताखालचे सैन्य जमिनीवर उतरले. घात झाला तो तटामुळे नाही. किल्ल्याच्या आडोशाला किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांची जहाजे एकमेकांना खेटून नांगरलेली होती. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली, ती एकावरून दुसऱ्यावर गेली आणि आरमार जळून गेले. किल्ला पाठोपाठ पडला. दगडी तट मजबूतच होता, वर्म पाण्यावर होते.

‘प्रवण’ची गोष्ट अगदी निराळी आहे. संस्कृतात ‘प्रवण’ म्हणजे उतरता, ढाळ असलेला. नाम म्हणून घेतले तर उतार किंवा डोंगराची उतरती बाजू. यज्ञासाठी जमीन कशी निवडावी हे सांगताना सूत्रग्रंथांत ‘प्राक्प्रवण’, म्हणजे पूर्वेकडे उतरती, आणि ‘उदक्प्रवण’, म्हणजे उत्तरेकडे उतरती, असे शब्द येतात. पाणी ओतले तर ते कोणत्या बाजूला वाहील, एवढाच तिथे प्रश्न असतो. मग जमिनीचा उतार मनाला लागू झाला आणि मनाचा कल ज्या बाजूला तो ‘प्रवण’ ठरला. ‘भावनाप्रवण’ हा मराठीतला नेहमीचा शब्द तसाच बनला आहे. इंग्रजीतला ‘प्रोन’ही लॅटिन ‘प्रोनुस’वरून आला, त्याचा अर्थ पुढे झुकलेला, उताराचा, आणि संस्कृतातला ‘प्र’ व लॅटिनमधला ‘प्रो’ हे एकाच प्राचीन कुळातले आहेत. तेव्हा ‘प्रोन’साठी ‘प्रवण’ हा शब्द ज्याने कोणी योजला त्याला दाद दिली पाहिजे, कारण दोन्ही शब्द एकाच उतारावरून खाली आले आहेत.

सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत उतरत जाणाऱ्या कोकणाच्या बाबतीत तर हा शब्द अक्षरशः लागू पडतो. अवघी पट्टी पश्चिमेकडे प्रवण आहे. वरच्या कड्यावर पडलेला पाऊस काही तासांत खाली खाडीला मिळतो, आणि डोंगरउतारावर खडकावर साचलेला मातीचा थर अतिवृष्टीत पाण्याने जड झाला, त्याची खडकावरची पकड सुटली, की उतार त्याला खाली ओढतो. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून 80हून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, आणि महाडवरून वाहणारी सावित्री तिथल्याच डोंगरात उगम पावते. 2005 च्या जुलैमध्ये याच तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन येथे दरडी कोसळल्या होत्या. अशा भागाला दरडप्रवण म्हणणे चूक नाही. आक्षेप एवढाच की ‘प्रवण’ हे जमिनीचे विशेषण आहे. त्यात माणूस नाही. निर्मनुष्य डोंगरउतारही दरडप्रवण असू शकतो आणि तिथे दरड कोसळली तर ती भूगर्भशास्त्रज्ञाच्या नोंदवहीत जाते, बातमीत येत नाही.

शिवाय ‘प्रवण’ म्हटल्याने दोष आपोआप जागेच्या स्वभावाला जाऊन चिकटतो. ‘अपघातप्रवण क्षेत्र’ ही पाटी वाचताना जणू त्या वळणालाच अपघातांची खोड आहे असे वाटते. वळणाची आखणी कोणी केली, रस्त्याचा चौथा पदर किती वर्षे अर्धवट राहिला, दिवे का नाहीत, हे प्रश्न पाटीमागे राहतात. पाटी लावण्याचा खर्च वळण सरळ करण्यापेक्षा कमी येतो, हेही खरेच.

‘प्रवण’च्या जोडीला सरकारी मराठीत दुसरा शब्द येतो तो ‘ग्रस्त’. पूरप्रवण गावात पूर आला की तेच गाव पूरग्रस्त होते. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. खग्रास ग्रहणातला ‘ग्रास’ तोच. ग्रस्त म्हणजे गिळलेला, भूतकाळवाचक. हा व्याकरणाचा फरक व्यवहारात फार मोठा ठरतो. प्रवण गावाला नोटीस मिळते, ग्रस्त कुटुंबाला मदत. नोटिशीत तात्पुरते स्थलांतर करावे असे म्हटलेले असते, आणि पंचनाम्यात काय काय गेले ते लिहिलेले असते. नोटीस मिळालेल्या घरात म्हातारी माणसे असतात, गोठ्यात दुभती म्हैस असते, आणि शाळेच्या खोलीत चार महिने राहायचे कसे याचे उत्तर नोटिशीत नसते. म्हणून पुष्कळ घरे हलत नाहीत. लोक ऐकत नाहीत अशी तक्रार मग कचेरीतून होते. मला त्यात गावकऱ्यांची बाजू जास्त पटते, कारण ज्याच्याकडे जायला दुसरी जागा आहे तो बहुधा आधीच गेलेला असतो. प्रवण आणि ग्रस्त यांच्या मधला जो काळ आहे, घाव बसू शकतो पण बसलेला नाही असा, त्या काळातल्या माणसासाठी सरकारी मराठीत नेमका शब्द नाही. ‘व्हल्नरेबल’ हा त्या मधल्या जागेतला शब्द आहे.

आपत्तीचा अभ्यास करणाऱ्यांनाही ही जागा उशिरा दिसली. फार काळ आपत्ती म्हणजे निसर्गाचा कोप, असेच धरून चालत. 1976 साली फिल ओकीफ, केन वेस्टगेट आणि बेन विस्नर या तिघांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटा लेख लिहून असा मुद्दा मांडला की आपत्तींना नैसर्गिक म्हणणे सोडले पाहिजे. भूकंप किंवा वादळ नैसर्गिक असेल, पण त्याची आपत्ती होते ती माणसे कोणत्या अवस्थेत जगत आहेत त्यावरून. पुढे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय अहवालांतूनही जोखमीचे तीन घटक वेगळे मांडले जाऊ लागले. पहिला घटक संकट, म्हणजे वादळ, पूर किंवा दरड. दुसरा, त्या संकटाच्या वाटेत कोण आणि काय आहे. आणि तिसरा, जे वाटेत आहे त्याला किती लागेल आणि ते पुन्हा उभे राहू शकेल का. हा तिसरा घटक म्हणजे व्हल्नरॅबिलिटी. तिन्हींपैकी एक शून्य असेल तर आपत्ती होत नाही.

हे तीन घटक एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर निसर्ग चक्रीवादळ आठवावे. 3 जून 2020 रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यातली प्रत्येक वाडी, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, त्या वाटेत होती. वारा सगळ्यांना सारखाच लागला. पण वाडीत शिरून पाहिले तर नुकसान सारखे नव्हते. पोफळ, म्हणजे सुपारीचे झाड, उंच आणि सडपातळ असते, त्याला फांद्या नसतात आणि वाढीचा कोंब एकच, अगदी शेंड्याला. वाऱ्याने पोफळ मध्येच कडकन मोडली की तो कोंब गेला, आणि कोंब गेला की झाड संपले. बुंधा उभा राहिला तरी त्याला पुन्हा पालवी फुटत नाही. शेजारच्या आंब्याची मोठी फांदी तुटली, तरी मुळे धरून असतील तर बाजूने नवे धुमारे येतात. माडालाही कोंब एकच असतो, पण त्याचा बुंधा जाड आणि चिवट, तो पुष्कळदा वाकून वारा काढतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे आणि कित्येक घरांचे वर्षाचे गणित तिच्यावर चालते. नवे रोप लावले तर ते धरायलाच पाच-सात वर्षे जातात, आणि पूर्ण उत्पन्न त्यानंतर. ज्याच्या घरी मुंबईहून पगार येतो तो ही वर्षे काढू शकतो. ज्याचे सर्व काही त्या दहा-बारा गुंठ्यांतच आहे त्याच्यासाठी हीच वर्षे खरी जखम असतात, आणि ती वादळ गेल्यावर सुरू होते.

मदतीच्या हिशोबातही हा फरक उघडा पडला. नुकसानभरपाईचे निकष हेक्टरी होते. घाटावरच्या सलग शेताला ते लागू पडतात. कोकणातल्या वाडीत मात्र नारळाखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, कडेला जायफळ आणि मधे केळी अशी एकावर एक मजली लागवड असते आणि जमीन गुंठ्यांत मोजतात. त्यामुळे हेक्टरी दराने हाती येणारी रक्कम आणि पडलेली झाडे यांचा मेळ बसेना, आणि झाडागणिक मदत द्यावी अशी मागणी पुढे आली. निकष ठरवणाऱ्याने जमीन मोजली होती आणि नुकसान झाडांचे झाले होते.

घरांचेही तसेच. स्लॅबचे घर वादळात उभे राहिले. जुन्या कौलारू घराची कौले उडाली, रिपा मोडल्या, पण वासे आणि आढे शाबूत असतील तर शाकारणी करून ते पावसाआधी झाकता आले. पत्र्याच्या छपराचे सगळे पानच उचलले गेले. आणि जून महिना होता, टाळेबंदी चालू होती, कौले आणि पत्रे मिळत नव्हते, कारागीर मिळत नव्हते, वीज गेलेली. त्याच वेगाचे वारे फेब्रुवारीत, बाजारपेठा उघड्या असताना आले असते, तर तीच घरे इतकी भिजली नसती. तिसरा घटक असा काळावरही अवलंबून असतो, आणि म्हणून तो नकाशावर रंग भरून दाखवता येत नाही.

चिपळूणचा 22 जुलै 2021 चा पूर हे दुसरे उदाहरण. वाशिष्ठीला वरून लोंढा आला होता आणि पौर्णिमा दोन दिवसांवर असल्याने समुद्राला उधाण होते; भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत खाडी जेवढे पाणी पोटात घेते तेवढे उधाणाच्या भरतीत घेत नाही, ते मागे तुंबते. बाजारपेठेतली दुकाने बुडाली, पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले. पाण्याची पातळी एका गल्लीत सगळ्यांना सारखी होती. वरच्या मजल्यावर राहणारे वाचले, तळमजल्यावरच्यांचे घर गेले. त्याच पुरात एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीजपुरवठा बंद पडला आणि तिथल्या आठ रुग्णांच्या मृत्यूची नोंद झाली. ज्याला श्वासासाठी विजेची गरज आहे त्याच्यासाठी पुराची पातळी मीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. जनित्र कोणत्या मजल्यावर ठेवले आहे, यावर ती ठरते.

आता या शब्दाचा एक पेच पाहिला पाहिजे, आणि माझ्या मते सगळ्यात विचार करण्याजोगा भाग हाच आहे. ‘व्हल्नरेबल’ म्हटले की दोन प्रश्न आपसूक उभे राहतात: कोणापासून, आणि कोणाला? मूळ लॅटिन शब्दात तलवार आणि शरीर दोन्ही डोळ्यांसमोर होते. सरकारी वापरात यांपैकी एक बाजू नेहमी गाळली जाते. कोकणच्या किनाऱ्यावरच याची तीन वेगवेगळी रूपे सापडतात. दरडप्रवण गावांच्या यादीत डोंगर घाव घालणारा आहे आणि माणूस झेलणारा. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे ‘अत्यंत व्हल्नरेबल किनारी क्षेत्रां’च्या यादीत घातले आहेत, आणि तिथे भूमिका नेमक्या उलट्या आहेत: झेलणारे म्हणजे प्रवाळ, कांदळवने आणि मासळीची पैदास होणारे उथळ पाणी, तर घाव घालणारी माणसे आणि त्यांची बांधकामे. एकच विशेषण, पण एका कागदावर माणसाला निसर्गापासून वाचवायचे आहे आणि दुसऱ्या कागदावर निसर्गाला माणसापासून. दोन्ही कागद एकाच तालुक्यात एकाच टेबलावर येऊ शकतात, आणि मग गावात ‘आम्ही असुरक्षित की आमचा किनारा?’ असा गोंधळ उडाला तर नवल नाही.

तिसरे रूप माणसांच्या समूहाचे. केंद्र सरकारने देशातले 75 आदिवासी समूह वेगळे काढले आहेत. त्यांना पूर्वी ‘आदिम’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लावत, 2006 मध्ये तो बदलून ‘विशेषतः व्हल्नरेबल’ असा केला. मराठी कागदपत्रांत मात्र ‘आदिम जमाती’ हे जुने नाव अजून चालते. महाराष्ट्रातले तीन समूह त्यात आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि रायगड, ठाणे, पालघर भागातले कातकरी. नावातला बदल स्तुत्यच होता, कारण ‘आदिम’ म्हणताना दोष त्या माणसांच्या माथी जात होता आणि नव्या शब्दात निदान त्यांना काहीतरी लागते आहे याची कबुली आहे. पण काय लागते आहे, ते या शब्दातही नाही. खैराचा काथ काढणारे म्हणून कातकरी हे नाव. जंगल हातचे गेल्यावर कोळसा पाडणे, वीटभट्टी आणि शेतमजुरी एवढेच त्यांच्याकडे उरले, आणि कित्येक कातकरवाड्या आजही दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर उभ्या आहेत. सावकाराची उचल, मालकाची जमीन आणि हंगामी स्थलांतर हे इथले घाव घालणारे. निवडणूक आयोगाच्या भाषेतही धाकदपटशा होऊ शकेल अशा वस्त्यांसाठी हाच इंग्रजी शब्द आहे, आणि आपल्या बातम्यांत त्याचे ‘संवेदनशील मतदान केंद्र’ होते. जणू भिंतीच हळव्या आहेत.

या सगळ्या याद्यांमधल्या फटीतून कोण निसटते, ते इर्शाळवाडीने दाखवले. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी ठाकर समाजाची ही वाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री, माणसे झोपायच्या वेळेला, वरचा डोंगर तिच्यावर आला. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 जण बेपत्ताच राहिले. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारने नंतर सांगितले. ठाकर समाज अनुसूचित जमातींत आहे, पण त्या 75 समूहांत नाही. म्हणजे जमीन प्रवण ठरलेली नव्हती आणि माणसेही विशेष असुरक्षित ठरलेली नव्हती. प्रत्यक्षात वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. तासाभराची चढण पायी चढूनच जावे लागे, त्यामुळे माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत आणि पहिले दिवस बचाव पथकांनी फावड्या-कुदळींनी काम केले. रस्ता नसणे हे दरडीचे कारण नाही. पण दरडीखाली सापडलेल्याला वेळेत बाहेर काढता न येण्याचे ते कारण होते, आणि ते दरडीच्या कितीतरी वर्षे आधीपासून सगळ्यांना दिसत होते. यादीसाठी उतार, माती आणि पाऊस पाहतात. रस्ता पाहत नाहीत.

यादी अशी का बनते याचे एक कारण कायद्याच्या शब्दांत सापडते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या 31व्या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्याच्या आराखड्यात निरनिराळ्या आपत्तींना व्हल्नरेबल असलेली क्षेत्रे नमूद करावी लागतात. शब्द ‘क्षेत्रे’ असा आहे. माणसे त्याच कायद्यात इतरत्र येतात: मदतीची किमान मानके ठरवताना विधवा आणि अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद करावी असे 12वे कलम म्हणते, आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करू नये असे 61वे. दोन्ही कलमे घाव बसल्यानंतरची आहेत. घावाआधी जमीन आणि घावानंतर माणूस, अशी ही वाटणी आहे, आणि ‘प्रवण’ व ‘ग्रस्त’ या आपल्या दोन शब्दांनी ती जशीच्या तशी उचलली आहे.

मराठीत या मधल्या अवस्थेला काय म्हणावे, यावर माझे मत असे की एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट सोडावा. हिंदीत ‘सुभेद्य’ रूढ होऊ पाहतो आहे. तो मराठी कानाला किल्ल्याच्या तटासारखा लागतो. ‘असुरक्षित’ फार पसरट आहे, त्यात रात्रीचा रस्ताही येतो आणि बँकेचे तारणविरहित कर्जही. बोलीत मात्र एक क्रियापद तयार आहे: झळ बसणे. ‘दुष्काळाची झळ कोणाला बसते’ असे विचारले की कोणापासून आणि कोणाला, हे दोन्ही वाक्यातच येते, काहीही गाळता येत नाही. आराखड्याच्या तक्त्यात ‘दरडप्रवण गाव’ या रकान्याशेजारी ‘झळ कोणाला बसेल’ असा दुसरा रकाना घातला, तर तो भरायला भूगर्भशास्त्रज्ञ लागणार नाही. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाचे दिवस भरत आले आहेत, कोणत्या वाडीत फोनला रेंज येत नाही, कोणाचे घर पत्र्याचे आहे आणि पऱ्या, म्हणजे ओढा, भरला की कोणाची वाट तुटते, हे वाडीतल्या आशा सेविकेला विचारले तर ती बसल्या जागी सांगते. गरोदर बायका आणि तान्ह्या मुलांची तर तिच्याकडे वहीच असते. ती वही आरोग्य खात्याकडे जाते आणि दरडप्रवण गावांची यादी महसूल खात्याकडे असते.